वैज्ञानिक संदर्भग्रंथ

विज्ञानाच्या एखाद्या शाखेत निरीक्षण, मापन व वर्गीकरण यांतून सिद्ध झालेली माहिती तपासून, हवी ती बाब विनासायास सापडेल अशा क्रमाने ज्या ग्रंथात एकत्र मांडलेली असते, त्यास वैज्ञानिक संदर्भग्रंथ म्हणतात. पाठ्यपुस्तक विषय शिकविण्यासाठी लिहिलेले असते व ते आरंभापासून अखेरपर्यंत वाचावयाचे असते. संदर्भग्रंथ असा सलग वाचला जात नाही. विशिष्ट प्रश्न उद्भवला म्हणजे त्यातील एखादे वर्णन, कोष्टक वा नकाशा पाहिला जातो. त्यामुळे वर्षातून मोजक्याच वेळी उघडल्या जाणाऱ्या या ग्रंथांची मोठी किंमत ग्रंथालयांच्या व्यवस्थापकांना अनेकदा अनाठायी वाटते. तथापि अशा ग्रंथाचे मूल्य त्याच्या पृष्ठसंख्येवरून वा वाचकसंख्येवरून ठरत नाही. त्यातील माहितीवर विसंबून कोणते निर्णय घेतले जातात व ती माहिती चुकीची वा अपुरी असल्यास किती हानी होते, यांवरून ते ठरते. ज्या प्रदेशात निर्णय घ्यावयाचा, तो प्रदेश ग्रंथात खरोखर अभ्यासिला गेला आहे किंवा नाही, हाही तितकाच महत्त्वाचा निकष आहे. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात या दोन्ही निकषांचा प्रत्यय येतो.

प्रकार : वैज्ञानिक संदर्भग्रंथांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. (१) भौतिक व रासायनिक स्थिरांकांची कोष्टके : यांत पदार्थांचे वितळबिंदू, उकळबिंदू, घनता, विद्राव्यता इ. राशींची मूल्ये दिलेली असतात. अमेरिकेतील केमिकल रबर कंपनीने १९१४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेली रसायनशास्त्र व भौतिकी यांची हस्तपुस्तिका आरंभी सु. शंभर पृष्ठांची होती. पुढील आवृत्त्यांत ती दोन हजारांहून अधिक पृष्ठांची झाली. (२) संयुगे, द्रव्ये व औषधे यांचे कोश : जर्मन भाषेतील बाइलश्टाइन यांचा कार्बनी रसायनशास्त्राचा ग्रंथ १८८१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे मुद्रण थांबले, तोवर त्याचे सु. ५०० खंड झाले होते. भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९४८ ते १९७६ या काळात देशातील कच्च्या मालाची माहिती देणारी ‘द वेल्थ ऑफ इंडिया’ ही अकरा खंडांची माला प्रसिद्ध केली. भारतीय औषधिकोशाची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये निघाली. (३) वनस्पती व प्राणी यांचे प्रादेशिक वर्णनग्रंथ : एखाद्या प्रदेशात आढळणाऱ्या सर्व जातींची नावे, वर्णने, आढळस्थाने व ओळखण्याची साधने यांत असतात. वनस्पतींच्या अशा ग्रंथास ‘फ्लोरा’ म्हणतात. सालिम अली व डिलन रिप्ली यांचा भारत व पाकिस्तान यांतील पक्ष्यांविषयीचा दहा खंडांचा ग्रंथ (१९६८–७४) याच वर्गात मोडतो. (४) मानके, नकाशे व सूची : बांधकामाची मानके, भूकंपीय परिमंडलांचे नकाशे, भूकंपांच्या नोंदी व संशोधनलेखांच्या सारसूची यांचा या प्रकारात समावेश होतो.

किंमतीची कारणे : अशा ग्रंथांची किंमत जास्त असण्याचे पहिले कारण म्हणजे त्यांमागील श्रम. वनस्पतींच्या वर्णनग्रंथासाठी संपूर्ण प्रदेशात निरनिराळ्या ऋतूंत फिरून नमुने गोळा करावे लागतात. ते दाबून व वाळवून कागदावर चिकटवावे लागतात व अशा नमुन्यांच्या जुन्या संग्रहांशी, म्हणजे हर्बेरियमशी, ताडून पाहावे लागतात. प्रत्येक जातीचे पूर्वी प्रसिद्ध झालेले वर्णन शोधून नावाची सिद्धी करावी लागते. स्थिरांकांच्या कोष्टकातही एका आकड्यामागे अनेक प्रयोगशाळांतील मापने असतात आणि त्यांपैकी कोणते ग्राह्य धरावयाचे हे तज्ज्ञांस ठरवावे लागते. दुसरे कारण म्हणजे ग्राहकांची अल्प संख्या. कादंबरीच्या वा परीक्षोपयोगी मार्गदर्शिकेच्या हजारो प्रती खपतात, तर विशेष विषयाच्या संदर्भग्रंथाच्या काही शेकडा प्रतीच खपण्याची शक्यता असते व सर्व खर्च तेवढ्या प्रतींवरच विभागला जातो. चित्रे, नकाशे व बारीक अक्षरांतील कोष्टके यांचे मुद्रण व मुद्रितशोधन यांनाही अधिक खर्च येतो.

परदेशी ग्रंथांच्या बाबतीत चलनाचा विनिमयदर हे आणखी एक कारण ठरते. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा परकीय चलनातील किंमत न बदलताही आयात ग्रंथ व नियतकालिके एकदम महाग झाली. ठराविक अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांना अशा वेळी नव्या खरेदीत कपात करण्यावाचून गत्यंतर नसते आणि ही कपात बहुधा संदर्भविभागापासून सुरू होते.

मूल्यमापनाचे निकष : दर वापरामागे पडणारा खर्च हा संदर्भग्रंथाचे मूल्य मोजण्याचा एक मार्ग आहे. समजा, १०,००० रु. किंमतीचा एखादा ग्रंथ २० वर्षे उपयोगी पडला, तर त्याचा वार्षिक खर्च ५०० रु. होतो. परंतु हा हिशेब अपुरा आहे, कारण त्यात ग्रंथ नसल्यामुळे होणारा खर्च धरलेला नसतो. माहिती हाताशी नसेल, तर अभ्यासकास दूरच्या शहरी जावे लागते, पूर्वी झालेले काम अजाणता पुन्हा करावे लागते किंवा अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो. यांपैकी तिसरा पर्याय सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो. पण त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

लातूरमधील महाविद्यालयीन शिक्षणाने परीक्षांतील यशाबद्दल राज्यभर ख्याती मिळविली असून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. अशा शिक्षणात पाठ्यपुस्तके व प्रश्नसंच यांना मागणी असणे स्वाभाविक आहे. प्रश्नसंचातील प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. रानात दिसलेली अपरिचित वनस्पती, प्रयोगशाळेत मिळालेला अनपेक्षित आकडा वा घराच्या पायाखालील जमीन यांविषयीचे प्रश्न मात्र कोणी अगोदर तयार करून ठेवलेले नसतात. त्यांसाठी संदर्भग्रंथच लागतो. म्हणून या दोन प्रकारच्या ग्रंथांची खपावरून तुलना करणे योग्य ठरत नाही.

मराठवाड्यातील वनस्पतींचे ग्रंथ : भारतातील वनस्पतींचे पहिले सर्वसमावेशक वर्णन सर जोसेफ डाल्टन हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सात खंडांच्या ग्रंथात (१८७२–९७) आले. एवढ्या विस्तृत प्रदेशाच्या ग्रंथात स्थानिक तपशील कमी असणे अपरिहार्य होते. म्हणून पुढे प्रांतवार ग्रंथ तयार झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या थीओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. मद्रास इलाख्यासाठी जे. एस. गॅम्बल यांनी १९१५ मध्ये आरंभिलेला ग्रंथ सी. ई. सी. फिशर यांनी १९३६ मध्ये पूर्ण केला.

या ग्रंथांच्या सीमा राज्यकारभाराच्या सीमा होत्या. नांदेड व हल्लीचा लातूर हे भाग त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने कुक यांच्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिले. ई. ए. पार्ट्रिज यांनी निजामाच्या राज्यातील वनवनस्पतींवर १९११ मध्ये ग्रंथ लिहिला. पण त्याचा भर वनांतील झाडांवर होता. शेतातील तण, माळावरील गवते व ओढ्याकाठच्या लहान वनस्पती यांसाठी कुक वा गॅम्बल यांच्या तोडीचे साधन संस्थानापुरते उपलब्ध झाले नाही. पक्ष्यांच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी होती. सालिम अली यांनी १९३० नंतरच्या काळात हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली व तिचा वृत्तांत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. राज्याची सीमा बदलली, तरी ग्रंथाची कक्षा आपोआप विस्तारत नाही. भारतीय वनस्पतिसर्वेक्षण संस्थेने कुक यांच्या ग्रंथाचे १९५८ मध्ये पुनर्मुद्रण केले व तो महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रमाणग्रंथ म्हणून वापरला जाऊ लागला. नांदेडच्या विद्यार्थ्यासही तोच ग्रंथ वापरावा लागे. परंतु त्यातील आढळस्थानांत कोकण, सह्याद्री, पश्चिम दख्खन, गुजरात, सिंध इ. भागांचे उल्लेख असत. किनवट व माहूर या भागांतील साग, ऐन, मोह व तेंदू यांची शुष्क पानझडी वने तेलंगण व विदर्भ यांतील वनांशी संलग्न आहेत. तेथील एखादी जाती कुक यांच्या ग्रंथात सापडली नाही, तर ओळखण्यात चूक झाली की ती जाती त्या ग्रंथाच्या प्रदेशातच नव्हती, हे केवळ ग्रंथावरून ठरविता येत नसे.

ही उणीव स्थानिक संशोधकांच्या कामातून भरून निघू लागली. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिवैज्ञानिक व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्यामुळे लातूर परिसराची माहिती शोधणाऱ्यास उस्मानाबादच्या नावाचा हा ग्रंथ पाहावा लागतो. १९९८ मध्ये नाईक व त्यांचे सहकारी यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ औरंगाबादहून प्रकाशित झाला. याच सुमारास भारतीय वनस्पतिसर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्र राज्याच्या वनस्पतींचे खंड काढले. त्यांपैकी एकदलिकित वनस्पतींचा खंड १९९६ मध्ये आणि द्विदलिकितांचे दोन खंड २००० व २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. कुक यांच्या ग्रंथानंतर सु. नव्वद वर्षांनी मराठवाड्यास स्वतःचा असा ग्रंथ मिळाला.

नाव निश्चित करण्याचे महत्त्व : वर्णनग्रंथाचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे ओळखदर्शक कोष्टक. त्यात परस्परविरोधी लक्षणांच्या जोड्या क्रमाने दिलेल्या असतात, उदा., पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या. प्रत्येक पायरीवर एक पर्याय निवडीत गेल्यास अखेर जातीचे नाव मिळते व ते वर्णनाशी ताडून पाहता येते. नाव निश्चित झाल्यावरच त्या वनस्पतीविषयी जगात इतरत्र झालेल्या संशोधनाचा उपयोग करून घेता येतो.

स्थानिक नावांवर विसंबल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणजे शंखपुष्पी. आयुर्वेदिक औषधिकोशाने या नावाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस वंशातील वनस्पती प्रमाण मानली आहे. परंतु बाजारात विष्णुक्रांता (इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉयडीस) याच नावाने विकली जाते आणि केरळात गोकर्णीस (क्लायटोरिया टर्नेशिया) शंखपुष्पी मानतात. पहिल्या दोन वनस्पती एकाच कुलातील असून वाळलेल्या स्थितीत सहज वेगळ्या ओळखू येत नाहीत. गोकर्णी तर शिंबी वर्गातील वेल आहे. औषध तयार करणारा, विकणारा व घेणारा हे तिघेही एकच नाव उच्चारीत असले, तरी वस्तू निरनिराळी असू शकते. अशा वेळी वर्णन, चित्र व सूक्ष्मदर्शकीय लक्षणे देणारा ग्रंथ हाच निर्णायक आधार ठरतो.

जुन्या ग्रंथाच्या मर्यादेचे उदाहरण गाजर गवत अथवा काँग्रेस गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) या तणाचे आहे. मूळ अमेरिका खंडातील या वनस्पतीची भारतातील नोंद १९५६ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली. पुढे हे तण पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व शेतांचे बांध यांवर सर्वत्र पसरले. त्याच्या संपर्काने काहींना त्वचादाह होतो. कुक यांच्या ग्रंथात या वंशाचा समावेश नाही. केवळ जुन्या ग्रंथाच्या आधारे ओळख पटवू पाहणारा अभ्यासक या तणाच्या बाबतीत चुकीच्या वंशाकडे वळण्याचा संभव असतो.

नावेही बदलतात. मराठवाड्यात सर्वत्र आढळणाऱ्या बाभळीस कुक यांच्या ग्रंथात अकेशिया अरेबिका असे नाव आहे. पुढे अकेशिया निलोटिका हे नाव रूढ झाले. २००५ व २०११ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदांतील निर्णयांनंतर तिचा समावेश व्हॅकेलिया वंशात करण्यात येऊ लागला. वृक्ष तोच असला, तरी जुने व नवे संशोधन एकत्र जुळविण्यासाठी ही तिन्ही नावे माहीत असावी लागतात. म्हणून नवा ग्रंथ आला म्हणजे जुना निरुपयोगी होतो असे नाही. पूर्वी कोणती जाती कोठे आढळत होती याचा पुरावा जुन्या ग्रंथातच असतो.

भूकंपीय परिमंडलांचा नकाशा : संदर्भसाहित्यातील अपुरेपणा लोकांच्या जीविताशी कसा निगडित असतो, हे लातूर जिल्ह्यातील भूकंपावरून दिसून येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात सु. ६·२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली आणि सु. आठ ते दहा हजार लोक मृत्युमुखी पडले.

इमारतींच्या भूकंपरोधक अभिकल्पासाठी वापरले जाणारे भारतीय मानक आयएस १८९३ हे प्रथम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील नकाशात देशाची विभागणी धोक्याच्या मानाने परिमंडलांत केलेली असते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने या नकाशातील त्रुटी प्रथम उघड केली, कारण तो परिसर अल्प धोक्याचा मानला गेला होता. त्यानंतर १९७० मध्ये नकाशा सुधारून पाच परिमंडले ठरविण्यात आली. या सुधारणेत कोयना परिसराचा दर्जा वाढविला गेला. किल्लारी परिसर मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या परिमंडलातच राहिला. १९८४ च्या आवृत्तीतही तीच स्थिती होती. दख्खनचे पठार हे स्थिर भूखंड समजले जात असल्याने व तेथील पूर्वीच्या मोठ्या भूकंपांच्या नोंदी फारशा नसल्याने हा निष्कर्ष काढला गेला होता. नोंद नसणे व घटना न घडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे संदर्भग्रंथ वापरताना ध्यानात ठेवावे लागते.

एवढी प्राणहानी केवळ नकाशामुळे झाली, असे मात्र म्हणता येत नाही. बहुतेक बळी जाड दगडमातीच्या भिंती व मातीचे जड माळवद असलेल्या घरांखाली सापडले. ही घरे गवंड्यांनी परंपरेने बांधलेली होती व त्यांचा मानकाशी संबंध आलेला नव्हता. मानक बिनचूक असते, तरी ते गवंड्यापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था नव्हती. त्याच वर्षी अल्पबल दगडविटांच्या व मातीच्या घरांसाठी आयएस १३८२८ व आयएस १३८२७ ही मार्गदर्शक मानके प्रसिद्ध झाली. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड, भिंतींना सर्व बाजूंनी बांधणारा सलग पट्टा व छतावरील मातीचा भार कमी करणे यांसारखे उपाय त्यांत सांगितले आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नव्या घरांच्या बांधणीबरोबर जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचाही समावेश होता.

भूकंपानंतर या भागाच्या भूगर्भाचा सविस्तर अभ्यास झाला. किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मी. खोल वेधनछिद्रात सु. ३४० मी. जाडीच्या बेसाल्टाखाली प्राचीन स्फटिकी खडक आढळले. २००२ मध्ये आयएस १८९३ ची सुधारित आवृत्ती निघाली. तीत पहिले परिमंडल रद्द करण्यात आले व लातूर परिसराचा समावेश तिसऱ्या परिमंडलात केला गेला. नकाशावरील एका रेषेचे स्थान बदलल्यामुळे त्या भागातील शाळा, रुग्णालये व पूल यांच्या अभिकल्पात गृहीत धरावयाचे भूकंपबल वाढले. अशा संदर्भसाहित्याची जुनी आवृत्ती वापरणे हे केवळ गैरसोयीचे नव्हे, तर धोक्याचेही असते.

ग्रंथालये व सामायिक उपयोग : महाग संदर्भग्रंथ व्यक्तीने विकत घेणे सहसा शक्य नसते, म्हणून त्यांचा उपयोग ग्रंथालयावर अवलंबून राहतो. नांदेडमध्ये पीपल्स कॉलेज (१९५०) व यशवंत महाविद्यालय (१९६३), तसेच लातूरमध्ये दयानंद शिक्षणसंस्थेची महाविद्यालये व राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) यांमुळे उच्च शिक्षणाचा विस्तार झाला. परंतु विद्यापीठाचे ग्रंथालय सु. २५० किमी.वरील औरंगाबादला व वनस्पतिसर्वेक्षण संस्थेचा पश्चिम विभागीय संग्रह नांदेडपासून चारशेहून अधिक किमी.वरील पुण्याला होता. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्याने ग्रंथखरेदीचे एक केंद्र जवळ आले. एकाच शहरातील प्रत्येक महाविद्यालयाने तोच ग्रंथ घेण्याऐवजी विषय वाटून घेऊन खरेदी केल्यास व परस्परांच्या विद्यार्थ्यांना तो पाहू दिल्यास तेवढ्याच रकमेत अधिक ग्रंथ उपलब्ध होतात.

ग्रंथपालाचे साहाय्य हाही मूल्याचाच भाग होय. कुलूपबंद कपाटातील ग्रंथ सुरक्षित राहतो. पण त्यासाठी मोजलेली किंमत वाया जाते. ओळखदर्शक कोष्टक कसे चालवावे, संक्षेप कसे वाचावेत, शुद्धिपत्र व पुरवणी कोठे पाहावी, हे विद्यार्थ्यास एकदा दाखविल्यास ग्रंथाचा वापर पुष्कळ वाढतो.

अंकीय साधने : अनेक मोठे संदर्भग्रंथ आता संगणकीय स्वरूपात मिळतात. संशोधनलेखांचे सार देणाऱ्या ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’चे १९०७ पासून चालू असलेले मुद्रण २०१० च्या आरंभी थांबले, त्याचे काम संगणकीय स्वरूपात चालू राहिले. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले हूकर, कुक यांचे ग्रंथ जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय अंकीय ग्रंथालयात विनामूल्य पाहता येतात. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिब्नेट केंद्राने २०१० पासून एन-लिस्ट योजनेद्वारे महाविद्यालयांना अल्प वर्गणीत नियतकालिके व ग्रंथ उपलब्ध करून दिले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी सु. ६,००० कोटी रु.ची तरतूद करण्यात आली व १ जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना तीस प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके मिळू लागली.

या सोयींमुळे अंतर व किंमत यांचा अडसर कमी झाला आहे. तथापि वर्गणीवर मिळणारी माहिती वर्गणी थांबल्यावर हाती राहीलच असे नाही, तर विकत घेतलेला मुद्रित खंड ग्रंथालयाच्या मालकीचा असतो. शिवाय प्रादेशिक संशोधकांनी लिहिलेले व लहान प्रकाशकांनी छापलेले मोजक्या प्रतींचे ग्रंथ मोठ्या अंकीय संग्रहांत सहसा सापडत नाहीत. त्यामुळे परदेशी कोश दूरवरून वाचता येतो, पण स्वतःच्या जिल्ह्याचा ग्रंथ मिळत नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. स्थानिक ग्रंथालयांनी खरेदीत अशा ग्रंथांना अग्रक्रम देणे त्यामुळे इष्ट ठरते.

निवड : संदर्भग्रंथ घेण्यापूर्वी काही बाबी पाहणे आवश्यक असते. ग्रंथाची भौगोलिक व विषयगत कक्षा प्रस्तावनेत स्पष्ट केलेली असावी. माहितीचा आधार, म्हणजे कोणते नमुने, मापने वा नोंदी वापरल्या, हे नमूद असावे. सूची तपशीलवार असावी; वनस्पतिग्रंथात शास्त्रीय नावांबरोबर मराठी नावांची सूची असल्यास सर्वसामान्य वाचकासही त्याचा लाभ घेता येतो. विषय किती वेगाने बदलतो, यावरून नव्या आवृत्तीची निकड ठरते. शुद्ध पदार्थांचे उकळबिंदू दशकानुदशके तेच राहतात, म्हणून त्यांची जुनी कोष्टके चालतात. औषधांच्या मात्रा, कीटकनाशकांचा वापर व बांधकामाची मानके यांबाबत मात्र अद्ययावत आवृत्तीच वापरावी लागते. वर्णनग्रंथांची पूर्तता नव्या नोंदींनी होत असल्याने जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील वनस्पतींचे नमुने स्थळ व दिनांक यांसह जतन करून ठेवणे महत्त्वाचे आहे. नव्या आवृत्तीस लागणारी सामग्री याच नोंदींतून मिळते.